वेस्टाच्या खडकांचा नकाशा : पार्श्वभूमी

इंदुरात घराचा पाया खणला की मुरमाखाली काळा दगड लागतो. माळव्याच्या पठारावर पसरलेल्या लाव्हाचा तो बेसाल्ट आहे. नुकताच फोडलेला तुकडा आतून काळपट राखाडी दिसतो. वर्षानुवर्षे उघड्यावर पडलेल्या त्याच दगडाची साल मात्र तपकिरी झालेली असते. या दगडात पायरॉक्सिन हे खनिज असते. त्यातले लोह ०.९ आणि १.९ मायक्रोमीटरच्या आसपासचा अवरक्त प्रकाश शोषून घेते, म्हणून परावर्तित प्रकाशाच्या वर्णपटात तेवढ्या जागी दोन खड्डे पडतात. या खड्ड्यांवरून असा खडक दूरवरूनही ओळखता येतो.

१९७० मध्ये मकॉर्ड, अ‍ॅडम्स आणि जॉन्सन यांनी वेस्टा या लघुग्रहाचा वर्णपट तपासला, तेव्हा ०.९ मायक्रोमीटरजवळचा खड्डा त्यात ठळक होता आणि पृथ्वीवर पडलेल्या बेसाल्टी अशनींशी तो जुळत होता. १८०७ मध्ये ओल्बर्स यांना सापडलेला, सुमारे ५२५ किलोमीटर व्यासाचा हा गोल एके काळी वितळला असला पाहिजे, असा त्याचा अर्थ होता. पण दुर्बिणीला वेस्टा म्हणजे प्रकाशाचा एक ठिपका, त्यामुळे दिसणाऱ्या सगळ्या बाजूचा मिळून एकच वर्णपट हाती येई. वेस्टा सुमारे ५ तास २० मिनिटांत स्वतःभोवती फिरतो. या फिरण्याबरोबर वर्णपटात होणारे बदल मोजून मायकेल गॅफी यांनी कोणत्या बाजूला कोणता खडक असावा, याचा आराखडा १९९७ मध्ये प्रसिद्ध केला. माझ्या मते नकाशाची खरी सुरुवात इथे आहे, नंतर तिथे गेलेल्या डॉन यानाने ते काम पुढे नेले.

वरच्या सालीमुळे आतला दगड ओळखता न येण्याची अडचण मात्र आकाशातही होती, कारणे वेगळी असली तरी. सौर वारा आणि सूक्ष्म धूलिकणांचे आघात यांनी बऱ्याच लघुग्रहांचा पृष्ठभाग काळवंडतो, लालसर होतो आणि वर्णपटातले खड्डे उथळ पडतात. ‘एस’ प्रकारचे, म्हणजे दगडी, लघुग्रह आणि पृथ्वीवर नेहमी सापडणारे कोंड्राइट नावाचे दगडी अशनी यांचे नाते त्यामुळे कित्येक वर्षे वादात राहिले; जपानच्या हायाबुसा यानाने २०१० मध्ये आणलेल्या, इटोकावा या ‘एस’ प्रकारच्या लघुग्रहाच्या कणांनी तो वाद मिटवला. वेस्टावर ही साल चंद्रासारखी धरत नाही, हे अभ्यासकांचे नशीबच म्हणायचे.

जुलै २०११ मध्ये डॉन यान वेस्टाच्या कक्षेत शिरले. त्यावरच्या इटालियन वर्णपटमापकाने ०.२५ ते ५.१ मायक्रोमीटरपर्यंतचा प्रकाश टिपला आणि चित्रातल्या प्रत्येक बिंदूचा स्वतंत्र वर्णपट दिला. दक्षिणेच्या सुमारे ५०० किलोमीटर रुंद रेआसिल्व्हिया विवरात, आघाताने खोलवरून उघडा पडलेला, डायोजेनाइटशी (कवचात खोलवर तयार झालेल्या खडकाच्या अशनींशी) जुळणारा खडक अधिक आढळला. इतरत्र मुख्यतः यूक्राइट (बेसाल्टी अशनी) आणि हॉवर्डाइट (या दोन्हींचे मिश्रण) यांच्यासारखा खडक. प्रावरणातले, म्हणजे कवचाखालच्या थरातले, ऑलिव्हिन हे खनिजही याच खोल विवरात मिळेल अशी अपेक्षा होती. ते सापडले उत्तर गोलार्धात, बेलिशिया आणि अरुंशिया विवरांपाशी. ते वेस्टाच्या पोटातून आले की बाहेरून आदळलेल्या दगडाबरोबर, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत.