अश्वशक्ती आणि टॉर्क: नव्या स्पोर्ट्स कारचे आकडे वाचताना

नवी स्पोर्ट्स कार बाजारात येण्याआधी काही महिने कंपन्या तिची अर्धवट अंधारातली छायाचित्रे दाखवतात आणि तांत्रिक आकडे एकेक करून बाहेर सोडतात. बेळगावात, टिळकवाडीतल्या चहाच्या टपरीवर किंवा उद्यमबागेतल्या मशीन शॉपच्या जेवणाच्या सुट्टीत, या आकड्यांवर चर्चा रंगते तेव्हा अश्वशक्ती आणि टॉर्क यांची हमखास सरमिसळ होते. ‘टॉर्क गाडी उचलतो आणि पॉवर टॉप स्पीड देते’ हे सूत्रही कोणीतरी ऐकवतेच. ते ऐकायला सुटसुटीत असले, तरी बरेचसे फसवे आहे.

टॉर्क म्हणजे इंजिनाने क्रँकशाफ्टला, म्हणजे त्याच्या मुख्य फिरत्या दांड्याला, दिलेला पीळ. एक मीटर लांबीच्या पान्याच्या टोकाला साधारण ४८ किलो वजन टांगले, तर नटावर सुमारे ४७० न्यूटन मीटर टॉर्क पडतो. मग तो नट फिरो वा गंजून जागीच अडकून राहो. अश्वशक्तीचे तसे नाही. ७५ किलो वजन एका सेकंदात एक मीटर उचलणे म्हणजे एक मेट्रिक अश्वशक्ती (पीएस), म्हणजेच तिच्या व्याख्येत वेळ आहे. पीळ किती आहे आणि तो मिनिटाला किती फेऱ्यांच्या गतीने दिला जातो, या दोहोंच्या गुणाकारातून शक्ती मिळते. न्यूटन मीटरमधल्या टॉर्कला मिनिटाच्या फेऱ्यांनी, म्हणजे आरपीएमने, गुणून ९,५४९ ने भागले की उत्तर किलोवॅटमध्ये येते.

या गुणाकाराचे महत्त्व दोन गाड्या शेजारी ठेवल्या की लगेच कळते. पोर्शने २०२१ साली सादर केलेल्या ९११ जीटी३ मध्ये चार लिटरचे, टर्बो नसलेले इंजिन आहे. त्याची शक्ती ५१० पीएस आणि टॉर्क ४७० न्यूटन मीटर. आपल्याकडे सर्रास दिसणाऱ्या टोयोटा फॉर्च्युनरच्या २.८ लिटर डिझेल ऑटोमॅटिकचा टॉर्क ५०० न्यूटन मीटर, म्हणजे जीटी३ पेक्षा जास्तच आहे, पण शक्ती २०४ पीएस. तरीही जीटी३ चे स्वयंचलित गिअरबॉक्सचे मॉडेल शून्यातून शंभराचा वेग ३.४ सेकंदांत गाठते, तर फॉर्च्युनरला त्यासाठी दहा सेकंदांच्या आसपास लागतात. फॉर्च्युनरचे सुमारे दोन टन वजन हे त्याचे एक कारण खरे, पण एकमेव नव्हे. डिझेल इंजिनाचा जोर साधारण १,६०० ते २,८०० आरपीएमपर्यंत टिकतो आणि त्यानंतर ओसरू लागतो. जीटी३ चे इंजिन ८,४०० आरपीएमला सर्वाधिक शक्ती देऊन ९,००० पर्यंत फिरत राहते. इतके वेगाने फिरणारे इंजिन खालच्या गिअरमध्ये जास्त वेळ राहू शकते आणि खालचा गिअर चाकाशी पोहोचणारा पीळ कितीतरी पटींनी वाढवतो.

गिअरमुळे टॉर्क हवा तितका वाढवता येतो, शक्ती मात्र कणभरही वाढत नाही, उलट घर्षणात थोडी वायाच जाते. निपाणी, चिकोडी, कागवाडच्या रस्त्यांवर गळीत हंगामात पन्नास अश्वशक्तीचा ट्रॅक्टर उसाच्या दोन ट्रॉल्या ओढत नेतो तो याच जोरावर, आणि त्याच्या मागे गाड्यांची रांग लागते तीही याच कारणाने.

म्हणून वेग ठरलेला असेल, तर त्या क्षणी चाकाला मिळणारा रेटा शक्तीवरच ठरतो: शक्तीला वेगाने भागले की रेटा. ताशी १०० किलोमीटरला, योग्य गिअरमध्ये आणि वाटेतला तोटा सोडून दिला, तर जीटी३ च्या ३७५ किलोवॅटमधून सुमारे १३,५०० न्यूटन रेटा मिळू शकतो; फॉर्च्युनरच्या १५० किलोवॅटमधून ५,४०० न्यूटन. इंजिनाच्या टॉर्कचा कमाल आकडा या हिशेबात कुठेच येत नाही.

मग टॉर्क निरर्थक आहे का? मुळीच नाही. चोर्ला घाट चढताना, पुढच्या वळणापर्यंत गिअर न बदलता गाडी सहज ओढली जावी असे वाटत असेल, तर कमी आरपीएमला मिळणारा भरघोस टॉर्कच उपयोगी पडतो. रोजच्या वापरात गाडी ‘दमदार’ वाटते ती बहुधा यामुळेच, आणि माझ्या मते वरच्या फसव्या सूत्राचा उगमही याच अनुभवात आहे.

एककांचा घोळ त्यामानाने किरकोळ आहे. पीएस म्हणजे ७३५.५ वॅट आणि बीएचपी म्हणजे ७४५.७ वॅट, त्यामुळे ५१० पीएस आणि ५०३ बीएचपी हे एकच इंजिन असते. त्यावरून वाद घालणे व्यर्थ.

खरी मेख हायब्रिड, म्हणजे पेट्रोल इंजिन आणि विद्युत मोटार दोन्ही असलेल्या, गाड्यांच्या आकड्यांत आहे, आणि येणाऱ्या स्पोर्ट्स कारपैकी अनेक हायब्रिड असल्याने तिकडे लक्ष द्यावे. विद्युत मोटार जागेवरूनच पूर्ण टॉर्क देते, पेट्रोल इंजिन आपला सर्वाधिक जोर बऱ्याच वरच्या आरपीएमला देते. हे दोन क्षण वेगळे असल्याने दोन्हींच्या कमाल आकड्यांची सरळ बेरीज करता येत नाही. शक्तीच्या बाबतीत बॅटरीचीही मर्यादा आड येते. लँबोर्गिनीच्या टेमेरारिओत ८०० अश्वशक्तीचे व्ही८ इंजिन आणि प्रत्येकी १५० अश्वशक्तीच्या तीन मोटारी आहेत. बेरीज १,२५० होते, पण कंपनी एकत्रित शक्ती ९२० इतकीच सांगते, कारण तिन्ही मोटारींना एकाच वेळी पूर्ण जोर देण्याइतकी वीज तिची लहान बॅटरी पुरवू शकत नाही.