पुठ्ठ्याची म्हणून हिणवलेली त्राबांट

‘पूर्व जर्मनीची त्राबांट मोटार पुठ्ठ्याची होती, पावसात भिजली की तिचा लगदा व्हायचा,’ असं वर्षानुवर्षं सांगितलं जातं. समज अगदीच हवेतला नाही, खुद्द जर्मनांनीच लाडाने तिला ‘शर्यतीचा पुठ्ठा’ म्हटलं होतं.

आता खरं काय ते पाहू. १९५०च्या दशकात पूर्व जर्मनीत मोटारीच्या पत्र्याचं पोलाद दुर्मीळ होतं. म्हणून कापसाच्या टाकाऊ तंतूंत फिनॉलिक राळ मिसळून, ते उष्णतेने दाबून पॅनेल बनवले. हेच ड्युरोप्लास्ट. राळ एकदा घट्ट झाली की पुन्हा वितळत नाही, पाण्याने मऊ पडत नाही आणि गंजायचा तर प्रश्नच नाही. आपल्याकडच्या विजेच्या जुन्या काळ्या बटणांचं बॅकेलाइट आठवा, त्याच्याच नात्यातलं हे. शिवाय ड्युरोप्लास्ट फक्त बाहेरून. आतला सांगाडा आणि तळ पोलादाचाच. गंजायचा तो हाच भाग!

पडताळायचं असेल तर संग्रहालयात किंवा जुन्या गाड्यांच्या मेळाव्यात, मालकाला विचारून, लोहचुंबक लावून बघा. बॉनेटला चिकटणार नाही, खालच्या तळाला चिकटेल.

साधा हिशेबही आहे. १९५७ ते १९९१ या काळात त्स्विकाऊ शहरात अशा सुमारे तीस लाख गाड्या बनल्या. युरोपातल्या पावसा-बर्फात त्यांतल्या कित्येक आजही धावतात. उलट अडचण निघाली ती विल्हेवाटीची, कारण ड्युरोप्लास्ट वितळवून परत वापरता येत नाही.

दोन-स्ट्रोक इंजिनाच्या निळसर धुराची तक्रार मात्र शंभर टक्के खरी.