एअर काढली तरी ब्रेक मऊच का लागतो?

बाइकच्या डिस्क ब्रेकला नवीन ब्रेक ऑइल घातलं, चाकाजवळचा निपल (हवा सोडायचा छोटा स्क्रू) उघड-बंद केला, पाय दुखेपर्यंत पॅडल मारलं, अख्खी बाटली संपली, आणि तरी पॅडल दाबलं की पाय उशीत रुतल्यासारखा खाली जातोय. मग आपण म्हणतो, थोडी एअर राहिली असेल. ही ‘थोडी’ म्हणजे किती, त्याचा एकदा हिशोब करून बघा.

मास्टर सिलिंडरचा (पॅडल किंवा लिव्हर दाबला की ऑइल ढकलणाऱ्या पंपाचा) पिस्टन १३ मिमीचा आणि तो सरकतो १० मिमी असं धरलं तर एका दाबात जेमतेम १.३ मिली ऑइल पुढे जातं. ऑइल जवळजवळ दबतच नाही, म्हणून पायाचा दाब थेट कॅलिपरपर्यंत, म्हणजे डिस्कवर पॅड आवळणाऱ्या भागापर्यंत पोचतो. हवेचं तसं नाही, दाब वीसपट झाला की ती विसाव्या हिश्श्यात मावते, बॉइलने १६६२ सालीच सांगून ठेवलंय. म्हणजे लाइनमध्ये (ऑइलच्या नळीत) १ मिली हवा असेल तर तिला चेपण्यातच ०.९५ मिली ऑइल खर्च, पॅडलची जवळपास पाऊण चाल तिथेच संपली, पॅडच्या वाट्याला काय राहणार?

बरं, ही हवा निघत का नाही? पुढच्या ब्रेकला तर सरळ आहे, बुडबुड्याला वर जायचंय आणि आपला निपल खाली. नळीचं भोक ३ मिमी असलं तर एका दाबात ऑइल १९ सेंमीच्या आसपास सरकतं, मग आपण निपल आवळतो, लिव्हर सोडतो, आणि तेवढ्यात तो बुडबुडा निवांत परत वर चढतो. सगळ्यात हट्टी हवा बसते मास्टर सिलिंडरपाशीच, बॅन्जो बोल्टच्या (नळी जोडणाऱ्या पोकळ बोल्टच्या) वळणावर. मी आधी तिथेच बघतो: फडकं गुंडाळायचं, लिव्हर दाबून धरायचा, बोल्ट किंचित सैल करायचा, फसकन हवा येते, आणि लिव्हर दाबलेला असतानाच बोल्ट परत आवळायचा. ऑइल पेंटवर उडालं तर लगेच पाण्याने धुवा, पेंट खातं ते.

मागच्या ब्रेकला वेगळीच गंमत. नळीला मध्ये उंचवटा असतो, आणि काही गाड्यांत कॅलिपर असा बसवलेला असतो की निपल सगळ्यात वर येतच नाही, हवा त्याच्याही वर कोपऱ्यात बसून राहते. तिथे कॅलिपर खोलून निपल वर येईल असा धरायचा, पॅडच्या मध्ये डिस्कच्या जाडीची लाकडी पट्टी घालायची (नाहीतर पिस्टन बाहेर येतील) आणि मग ब्लीड करायचं, म्हणजे हवा काढायची. सिरिंजने निपलमधून वरच्या दिशेने ऑइल भरणंही छान चालतं, फक्त वरची ऑइलची डबी आधी थोडी रिकामी करा. व्हॅक्यूम पंप लावून बुडबुडे थांबतच नसतील तर घाबरू नका, बऱ्याचदा ती हवा निपलच्या आट्यांतून आत ओढली जात असते.

दोन-तीनदा पंप केल्यावर कडक आणि थोड्या वेळाने परत मऊ, तर बहुतेक हवाच. पण दाबून धरल्यावर पॅडल हळूहळू खालीच जात राहिलं तर बाहेर कुठे गळतंय का बघा, नसेल गळत तर मास्टर सिलिंडरच्या आतला सील गेलाय, तिथे कितीही ब्लीडिंग करा, उपयोग शून्य. आणि गार असताना ठणठणीत पण लांब उतारावर मऊ पडत असेल तर ऑइलने पाणी ओढलंय. डॉट ४ या दर्जाच्या ब्रेक ऑइलचा उकळबिंदू नवीन असताना किमान २३० अंश असावा लागतो, पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी शिरलं की १५५ अंशांचीच हमी उरते, त्याच्यावर गेलं की लाइनमध्ये वाफ, आणि वाफही हवेसारखीच दबते.