घरात पुराचं पाणी शिरलं तर पंचनामा कसा करून घ्यायचा, कागदं काय लागतात

पाणी ओसरलं की आपण सगळ्यात आधी झाडू हातात घेतो, तेच करू नका. भिंतीवर पाणी चढलेलं तिथपर्यंत मातकट पट्टा उरतो ना, त्याचा फोटो काढा, बाजूला स्विचबोर्ड नाहीतर दार दिसेल असा, म्हणजे उंची कळते. मग गादी, फ्रिज, तांदळाचा डबा, सगळ्याचे काढा. आमच्याकडे कुर्ल्याला मिठी नदीचं पाणी आलं तेव्हा आईने सकाळीच फिनाईल टाकून घर लख्ख केलं आणि दुपारी पंचनाम्याला आलेले तलाठी भाऊसाहेब दारात उभे राहून विचारतायत, पाणी आलं कुठे होतं?

दुसरी गोष्ट, सगळे वॉर्ड ऑफिसला पळतात. महापालिका पाणी उपसते, लोकांना शाळेत हलवते, 1916 वर तक्रार घेते, पण मदतीचे पैसे महसूल खात्याचे, म्हणजे तहसीलदार. मुंबई उपनगरात तालुके तीनच, कुर्ला, अंधेरी, बोरिवली. उल्हास नदीने बदलापूरला घर बुडवलं असेल तर अंबरनाथ तहसील, टिटवाळ्याला असाल तर कल्याण.

तलाठी (आता पदाचं नाव ग्राम महसूल अधिकारी) आपणहून येतो, पण गल्ली सुटली तर साध्या कागदावर अर्ज लिहा, फोटो जोडा, तहसीलला द्या आणि पोच घ्या, शिक्का मारलेली. पंचनाम्यावर पंचांच्या सह्या होतात, सही करायच्या आधी वाचा, आणि कागद परत जायच्या आत मोबाईलवर त्याचा फोटो घ्या, नंतर कोणी दाखवत नाही.

आधार, रेशनकार्ड, बँक पासबुक, लाईट बिल एवढं लागतंच. पैसे थेट खात्यात येतात त्यामुळे खातं आधारला जोडलेलं हवं, बरेच जण इथेच अडकतात. भाडेकरू असाल तर भाडेकरार दाखवा, कपडे-भांड्याची मदत राहणाऱ्याला असते, भिंत पडल्याची मालकाला, उगाच भांडू नका. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हापासून आमच्या चाळीत ही सगळी कागदं प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून माळ्यावर असतात.

आता पैसे किती, तर फार आशा ठेवू नका. 2022 ते 2026 च्या सरकारी मदतीच्या निकषांत कपड्यांना 2,500, भांड्यांना 2,500, आणि त्यातही घर वाहून गेलेलं, पूर्ण पडलेलं नाहीतर दोन दिवसांहून जास्त बुडालेलं असावं अशी अट, मुंबईत पाणी सहा तासांत उतरतं म्हणून लोक बाद होतात. सरकार कधीकधी जीआर, म्हणजे शासन निर्णय, काढून अट सैल करतं, रक्कमही वाढवतं, म्हणून त्या वर्षीचा जीआर बघा. पक्कं घर पूर्ण पडलं तर 1,20,000, झोपडी 8,000, थोडी पडझड असेल तर पक्क्याला 6,500. माणूस गेला तर वारसाला 4 लाख, तिथे पोस्टमॉर्टम रिपोर्ट लागतो. गावाकडे दुभती म्हैस गेली तर 37,500, आणि शेतीचं असेल तर यादीत नाव आल्यावर नावासमोरचा विशिष्ट क्रमांक घेऊन आपले सरकार केंद्रात ई-केवायसी, म्हणजे अंगठा लावून ओळख पटवणं, करावी लागू शकते.

गाडी बुडाली तर महसूल खातं काही देत नाही, ते इन्शुरन्सकडे, आणि नुसती थर्ड पार्टी, म्हणजे फक्त समोरच्याच्या नुकसानीची पॉलिसी, असेल तर विसरा. पण काही झालं तरी बुडालेली बाईक किक मारून बघू नका, इंजिनात पाणी गेलेलं असतं आणि मग क्लेमवाला म्हणतो तुम्हीच बिघडवली.