जेल-सफाई (कलासंवर्धन)

चित्रं, भित्तिचित्रं, जुने कागद, प्लास्टरचे पुतळे यांच्यावरचा मळ, पिवळं पडलेलं वार्निश किंवा आधीच्या दुरुस्तीतलं मेण काढायला पाणी वा सॉल्व्हंट थेट न लावता जेलमध्ये धरून लावायची पद्धत. कापसाच्या बोळ्याने द्रव किती आत मुरेल यावर ताबा राहत नाही आणि घासल्याने रंगाचे कणही सुटतात, जेलने हे दोन्ही बरंच कमी होतं (बंद होत नाही).

सुरुवात कुठून धरायची यावर वाद आहे. लेप लावून मळ ओढायची रीत जुनीच. काहीजण रोमच्या पाओलो आणि लॉरा मोरा या संवर्धकांच्या एबी-५७ या लेपापासून मोजतात. त्यात अमोनियम आणि सोडियम बायकार्बोनेट, ईडीटीए (धातूंचे क्षार पकडून सोडवणारं रसायन) वगैरे असून ते कार्बॉक्सिमिथिल सेल्युलोज या दाटपणा आणणाऱ्या पदार्थाने दाट केलेलं असतं, १९८० च्या दशकात व्हॅटिकनमधल्या सिस्टीन चॅपेलच्या छतावरच्या भित्तिचित्रांवर हेच साधारण ३ मिनिटं ठेवून धुतलं गेलं. पण दाट केलेला द्रव म्हणजे जेल नव्हे, असं दुसऱ्या बाजूचं म्हणणं, आणि ते अमेरिकेतले संवर्धक रिचर्ड वोल्बर्स यांच्या त्याच दशकाच्या उत्तरार्धातल्या सॉल्व्हंट जेलपासून सुरुवात करतात. काटेकोर व्याख्या लावली तर तीही पातळ, वाहणारी जेलंच, तरी सॉल्व्हंट, घट्ट करणारा पदार्थ आणि साबणासारखा घटक मळ बघून जुळवायचा हा विचार तिथे नीट मांडलेला दिसतो, म्हणून वोल्बर्सपासून मोजणं जास्त पटतं.

वोल्बर्सच्या जेलांची खरी डोकेदुखी म्हणजे मागे राहणारा अंश. त्यातला घट्ट करणारा पदार्थ कार्बोपॉल म्हणजे पॉलिअ‍ॅक्रिलिक आम्ल, ते इथोमीन या अमाइनने फुगवतात. सॉल्व्हंट उडून जातो, हे दोन्ही उडत नाहीत, म्हणून जेल उचलल्यावर पुन्हा सॉल्व्हंटने पुसावं लागतं, म्हणजे ज्या बोळ्यापासून सुटका हवी होती तोच परत हातात. अमेरिकेतल्या गेटी या कलासंस्थेच्या प्रकल्पात घटकांवर किरणोत्सारी खूण लावून किती अंश राहतो ते मोजलं, त्याचं पुस्तक २००४ साली निघालं. अंश अत्यल्प पण शून्य नाही, आणि तो किती राहणार हे पृष्ठभाग किती सच्छिद्र आहे आणि पुसणं किती नीट झालंय यावर ठरतं.

मग कडक जेलं आली. अगारची (समुद्री शेवाळातला थिजणारा पदार्थ) पूड पाण्यात २-३ टक्के घालून उकळीच्या आसपास तापवायची, ट्रेमध्ये ओतायची, ४० अंश सेल्सियसच्या खाली आलं की थिजतं, मग हवा तेवढा तुकडा कापून प्लास्टरवर ठेवायचा. काही वेळाने उचलला की खालची बाजू चहाच्या रंगाची झालेली दिसते, मळ वर चढलेला असतो. कागदासाठी गेलन (जिवाणूंपासून मिळणारा तसाच पदार्थ) जास्त चालतं कारण ते पारदर्शक, खालचं अक्षर दिसत राहतं.

फ्लॉरेन्सच्या सीएसजीआय या संशोधन केंद्रातली रसायनशास्त्रज्ञ पिएरो बाल्योनी यांची मंडळी याच्याही पुढे गेली. त्यांच्या पीएचईएमए-पीव्हीपी (दोन कृत्रिम पॉलिमर) जेलात पीएचईएमएच्या साखळ्या रासायनिक बंधांनी बांधलेल्या असतात आणि पीव्हीपी त्या जाळ्यात अडकलेलं असतं, त्यामुळे मागे चिकटून राहायला सुटं फारसं काही उरत नाही. पण अशा जेलचा सपाट कडक पत्रा खडबडीत रंगावर नीट टेकत नाही, त्यावर उपाय म्हणून पॉलिव्हिनाइल अल्कोहोलची लवचिक 'पेगी' जेलं केली, ती गोठवून वितळवून तयार होतात. व्हेनिसच्या पेगी गुगेनहाइम संग्रहातल्या अमेरिकन चित्रकार जॅक्सन पोलॉकच्या चित्रांवर ती वापरली गेली. अ‍ॅक्रिलिक रंगाचं प्रकरण वेगळं, तो पाण्याने फुगतो, म्हणून जेलमधल्या पाण्याचा पीएच (आम्लता) आणि विद्युतवाहकता आधी जुळवून घेतात.