‘सक्षम’ म्हणजे कोण? नैसर्गिक निवडीमागचा शब्दांचा घोळ

नैसर्गिक निवडीचा, म्हणजे परिस्थितीशी जुळणाऱ्या गुणांचे जीव पिढ्यानपिढ्या वाढत जाण्याचा, विषय निघाला की कोणीतरी ‘बळी तो कान पिळी’ म्हणतंच. म्हण ठसकेबाज आहे, पण इथे साफ गैरलागू. म्हणणाऱ्याला मात्र बोल लावता येत नाही. घोळ मूळ परिभाषेतच शिरला आहे आणि तो १८६० च्या दशकात शिरला.

१८५८ च्या जुलैमध्ये लंडनला डार्विन आणि वॉलेस या दोन निसर्ग-अभ्यासकांचं लेखन एकाच बैठकीत वाचलं गेलं आणि पुढच्या वर्षी त्यांतल्या थोरल्याचा, म्हणजे डार्विनचा, ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’ हा ग्रंथ आला, हे शाळेपासून आपण ऐकत आलो आहोत. त्या पहिल्या आवृत्तीत ‘सर्वांत सक्षम तेच टिकतात’ हा शब्दप्रयोग नव्हताच. तिथे होती फक्त ‘निवड’. हा शब्द ग्रंथकाराने कबुतरं आणि गुरं पाळणाऱ्यांच्या व्यवहारातून उचलला होता. पण निवड म्हटली की निवडणारा आलाच. निसर्ग म्हणजे बसल्या जागी पारख करणारं कोणी आहे का, असा सवाल टीकाकारांनी लगेच केला.

१८६४ मध्ये हर्बर्ट स्पेन्सर या तत्त्वज्ञाने ‘सर्वांत सक्षमांचं टिकणं’ हा पर्याय घडवला. सिद्धांताच्या धाकट्या सहशोधकाला, म्हणजे वॉलेसला, तो इतका पटला की स्वतःजवळच्या प्रतीत त्याने ‘नैसर्गिक निवड’ हे शब्द खोडून तिथे हा नवा प्रयोग लिहून टाकला आणि १८६६ मध्ये ग्रंथकाराला पत्र पाठवून तसाच बदल करायचा आग्रह धरला. ग्रंथकाराने मधला मार्ग काढला. १८६९ च्या पाचव्या आवृत्तीत चौथ्या प्रकरणाच्या मथळ्यात दोन्ही शब्द शेजारी-शेजारी बसले.

ही तडजोड महागात पडली असं मला वाटतं. ‘फिट’ या ज्या इंग्रजी शब्दाचं आपण ‘सक्षम’ केलं, त्याचा इथला अर्थ ‘परिस्थितीशी जुळणारा’ असा होता, झाकण भांड्यावर नीट बसतं तसा. मराठीत ‘चपखल’ हा शब्द त्याच्या कितीतरी जवळ जातो. पण भाषांतरात सक्षम, समर्थ, योग्यतम असे भारदस्त शब्द आले आणि त्यांच्या मागून ताकद, वरचढपणा, श्रेष्ठत्व हे सगळं आलं. शिवाय ‘टिकणं’ हेही अर्धंच. वीस वर्षं धडधाकट जगून एकही पिल्लू मागे न ठेवणारा प्राणी या हिशेबात शून्य. हिशेब होतो तो पुढच्या पिढीत कोणाचे वंशज किती, याचा.

या शब्दामुळे आणखी एक आक्षेप चिकटला तो आजही निघतो. टिकतो कोण, तर सक्षम. सक्षम कोण, तर जो टिकतो. मग सांगितलं काय? आक्षेप वरकरणी बिनतोड वाटतो. त्याला खरं उत्तर मिळालं ते आधी मोजून आणि मग वाट पाहून.

प्रशांत महासागरातल्या गॅलापागोस द्वीपसमूहातल्या डॅफ्ने मेजर या चिमुकल्या बेटावर १९७३ पासून फिंच या चिमणीसारख्या, बिया खाणाऱ्या पक्ष्यांच्या पायात कडी घालून त्यांच्या चोची मोजायला सुरुवात झाली. १९७७ मध्ये पाऊस पडला नाही. मऊ, बारीक बिया संपल्या. उरली ती सराट्याच्या जातकुळीतली कडक काटेरी फळं. मध्यम आकाराच्या भू-फिंचांपैकी सुमारे ८५ टक्के नाहीसे झाले. वाचलेल्यांत जाड चोचीचे जास्त होते, आणि चोचीची जाडी आनुवंशिक असल्यामुळे पुढच्या पिढीची सरासरी जाडीही वाढली. एकाही पक्ष्याची चोच दुष्काळात जाड झाली नव्हती. बदलला तो समूह. मोजमाप आधीच झालेलं असल्यामुळे ‘जे वाचले तेच सक्षम’ अशी पश्चातबुद्धी इथे चालत नाही.

पुढचा भाग पुस्तकांतून सहसा गळतो. १९८२-८३ मध्ये धो धो पाऊस झाला, बारीक बियांचं पेव फुटलं आणि नंतरच्या टंचाईत लहान चोचीचे पक्षी सरस ठरले. त्याच सुमारास तिथे एका मोठ्या फिंच जातीने बस्तान बसवलं. २००४-०५ मध्ये पुन्हा कोरडा काळ आला तेव्हा काटेरी फळं या पाहुण्यांनीच फस्त केली आणि जाड चोचीचे मध्यम फिंच उपाशी मेले. बेट तेच, दुष्काळ तसाच, निकाल उलटा.

ग्रंथ आणि फिंचांची मोजणी यांच्या मधल्या काळाबद्दल थोडक्यात. आईबापांचे गुण रंगांसारखे एकमेकांत मिसळत असतील तर नवा गुण काही पिढ्यांत विरून जाईल, हा १८६७ मधला आक्षेप जड होता. वाटाण्यावरचे आनुवंशिकतेचे प्रयोग १८६६ मध्येच छापून झाले होते, पण त्यांच्याकडे लक्ष गेलं १९०० मध्ये. गुण विरत नाहीत, जनुकं अखंड पुढे जातात, हे कळलं आणि १९३० च्या आसपास गणितज्ञांनी निवडीचा हिशेब मांडून दिला.

वनस्पतींचं उदाहरण कमी ऐकू येतं. दक्षिण कॅलिफोर्नियातल्या मोहरीवर्गीय रानरोपाचं १९९७ मधलं बी जपून ठेवलेलं होतं. दुष्काळाच्या काही वर्षांनंतर २००४ मध्ये पुन्हा बी गोळा केलं आणि दोन्ही शेजारी-शेजारी वाढवली. नंतरच्या बियांची रोपं आधी फुलली, एका ठिकाणची तर सरासरी ८.६ दिवस आधी. पाणी आटण्याआधी बी धरणारीच मागे वंश ठेवून गेली होती.

आणि आता ‘नैसर्गिक’ या शब्दावरही कुरबुर आहे. मोझांबिकमधल्या गोरोंगोसा राष्ट्रीय उद्यानात १९७७ ते १९९२ च्या यादवी युद्धात हस्तिदंतासाठी हत्तींची इतकी कत्तल झाली की त्यांची संख्या ९० टक्क्यांहून अधिक घटली. सुळे नसलेल्या हत्तिणी मारेकऱ्यांच्या कामाच्या नव्हत्या. त्यांचं प्रमाण युद्धापूर्वी साधारण १८ टक्के होतं, नंतर सुमारे ५० टक्के झालं. बंदूक माणसाची, पण हेतू सुळे नसलेले हत्ती पैदा करण्याचा नव्हता. म्हणून याला पैदाशीतली निवड म्हणता येत नाही. सुळे नसण्याचा हा गुण मादीत दोन आणि नरात एकच असणाऱ्या एक्स गुणसूत्रावरचा दिसतो आणि नर गर्भांना बहुधा घातक ठरतो. त्यामुळे सुळे नसलेल्या मातांच्या पोटी मुली जास्त आणि मुलगे कमी जन्मतात, आणि त्या कळपांत बिनसुळ्यांचे नर जवळपास दिसतच नाहीत.