'ऑरेंज'मधला 'न' कुठे गळाला?

परवा एक ढकलपत्र आलं. 'ऑरेंज' म्हणे संस्कृत 'नाग-रंग'वरून आला ('नाग' म्हणजे संस्कृतात हत्तीही), कारण कुणा हत्तीने ही फळं इतकी खाल्ली की पोट फुटून मेला! हत्तीला सोडून देऊ. शब्द आपल्याकडून गेला, एवढं खरं. संस्कृत 'नारङ्ग', फारसी 'नारंग', अरबी 'नारंज', स्पॅनिश 'नारांखा'. आपली नारिंगी याच भावकीतली. आणि संस्कृतानेही तो बहुधा द्राविड भाषांकडून उचललेला, तेव्हा 'सगळं संस्कृतातूनच' म्हणणाऱ्यांनी जरा दमानं घ्यावं.

सगळीकडे असलेला तो 'न' इंग्रजीत मात्र नाही. का?

मोबाइलवर 'पत्ता नाही लागला' हे वाक्य नेहमीच्या वेगाने रेकॉर्ड करा आणि आवाजाचा आलेख दाखवणाऱ्या ॲपमध्ये बघा. 'पत्ता' आणि 'नाही' यांच्यामध्ये फट दिसेल असं वाटतं ना? तिथे आलेख सलग असतो. फट दिसते ती 'पत्ता'च्या पोटात! 'त्त' म्हणताना जीभ दातांमागे टेकून हवा अडवते, तेवढा वेळ खरोखर शांतता असते. 'न' म्हणतानाही जीभ टेकते, पण आवाज नाकातून चालूच राहतो. म्हणजे कागदावर शब्दांमध्ये सोडतो ती जागा आवाजात बहुतेकदा नसतेच. शब्द कुठे तोडायचा हे मेंदू अंदाजाने ठरवतो. 1996 साली अमेरिकेत आठ महिन्यांच्या बाळांना निरर्थक अक्षरांची सलग माळ दोन मिनिटं ऐकवली, तर कोणत्या अक्षरामागून कोणतं हमखास येतं यावरून त्यांनी त्यातले 'शब्द' वेगळे ओळखले.

अंदाज म्हटला की तो चुकणारच. जलक्रीडेत राणी 'मोदकैः' म्हणाली, म्हणजे 'मा उदकैः', पाणी मारू नका. आणि सातवाहन राजाने मोदक मागवले, ती गोष्ट याच चुकीची.

इटालियनमध्ये फळाआधी 'एक' या अर्थी 'ऊना' लागतं. 'ऊना नारांचा' घाईत म्हणा. दोन 'ना' एकमेकांना चिकटतात, एक गिळला जातो आणि उरतं 'ऊनारांचा'. पुढची पिढी ते 'उन आरांचा' असं तोडते. जुन्या फ्रेंचमध्येही असंच काहीसं झालं असावं. तिथे सोन्याला 'ऑर' म्हणतात, त्याचीही ओढ लागली असेल. इंग्रजीने चौदाव्या शतकाच्या सुमारास शब्द घेतला तो फ्रेंचकडून, 'न' आधीच गळालेला. त्यामुळे 'अ नॉरेंज'चं इंग्रजांनी 'ॲन ऑरेंज' केलं, हे सर्रास सांगितलं जाणारं स्पष्टीकरण चूक. स्पॅनिशमध्ये तर 'ऊना नारांखा' असूनही 'न' टिकला. इथे नियम नाही, नुसता योगायोग.

इंग्रजांनी स्वतः केलेल्या तोडफोडी वेगळ्या. स्वयंपाकघरातला 'एप्रन' मुळात 'नेप्रन', 'नॅपकिन'चा भाऊ. 'ॲडर' हा विषारी साप मुळात 'नॅडर'. उलट पाणसरड्यासारखा दिसणारा 'न्यूट' मुळात 'यूट'. त्याला 'ॲन'मधला 'न' फुकटात मिळाला. 'निकनेम'चंही तेच.

आणि फारसीत आता गोड संत्र्याला काय म्हणतात? 'पोर्तगाल'! गोड जात पोर्तुगीजांनी सगळीकडे पोहोचवली, त्यांचंच नाव तिला चिकटलं. इराणात 'नारंज' मागितलंत तर आंबट-कडू फळ हातात पडेल.